मधले हात

लीड्स विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेच्या इमारतीत दर शुक्रवारी जुन्या कपड्यांचा एक स्टॉल लागायचा. चाकं लावलेले लोखंडी स्टँड, त्यांवर टांगलेले कोट, फ्रॉक, वेस्टकोट, घडीच्या टेबलावर टाय, स्कार्फ, हातमोजे, आणि गल्ला म्हणून बिस्किटांचा पत्र्याचा डबा. विकणारे सगळे बिनपगारी. जमलेले पैसे ऑक्सफॅम या मदतसंस्थेला जायचे. माल यायचा तिच्या हेडिंग्ली भागातल्या दुकानातून, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबून, आणि त्या पिशव्या कुणीतरी विद्यार्थी बसमधून सांभाळत आणायचा. वर कापडी पट्टीवर मोठ्या अक्षरांत ‘व्हिंटेज’ लिहिलेलं असे. ती पट्टी लावली की आठ पौंडांचा कोट बारा पौंडांना जातो, हे व्यवहारज्ञान मला पुढे मिळालं.

मी तिथं 2007 साली एम. एस्सी. करायला गेले. इचलकरंजीची टेक्स्टाइलची पदवी, डोक्यावर बँकेचं कर्ज आणि अंगात लातूरच्या बाजारात ‘एकदम गरम’ म्हणून घेतलेला एक स्वेटर. ऑक्टोबर सरता सरता यॉर्कशायरच्या वाऱ्यानं त्या स्वेटरची लायकी काढली. शहरातल्या दुकानात नव्या कोटाची किंमत पाहिली, मनात ऐंशीनं गुणलं आणि हात खिशात घालून बाहेर आले. शुक्रवारी स्टॉलवर गडद निळा लोकरी कोट दिसला. आत ‘सेंट मायकल’ असं लेबल, किंमत आठ पौंड. मी बाही चिमटीत धरून पाहिली. कापड उत्तम होतं, ते कळण्याइतकं शिकले होते. तरीही हात मागे आला.

टेबलामागं सत्तरीच्या आसपासच्या एक बाई बसल्या होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, मांडीवर कुणाचं तरी जाकीट, हातात सुई. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “उजव्या खिशाचं अस्तर मी नवं घातलंय, लव्ह. हात घालून बघ.”

लीड्समध्ये बसचालकापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणतात, त्यात काही विशेष नाही. पण मी हात घातला. आत सुती, घट्ट विणीचं, बारीक टाके घातलेलं अस्तर होतं. बाहेरून कुणाला कधी दिसणार नाही अशा ठिकाणी कुणीतरी इतकं नीट काम केलं होतं. कोट मी घेतला. त्या आठ पौंडांत मी काय काय घेतलं याचा हिशेब अजून लागलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

हात मागे का आला, ते आधी सांगते. आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या पट्ट्यातलं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, माणसं दमून झोपली होती. आमच्याकडची घरं दगडमातीची, वर माळवदाचं जड ओझं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या घरातलं कोण गेलं, ते इथं लिहीत नाही. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो आणि मग ट्रकमधून कपडे येऊ लागले.

रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पडत. जरीचे घागरे, उंच टाचांच्या चपला, त्याही एकाच पायाच्या, बेलबॉटम, बाळाची लोकरी टोपडी, नाड्या नसलेले परकर, एकदा तर पोहण्याचे पोशाख. ट्रकवरची माणसं घाईत असत. ती वरून भिरकावत आणि खाली हात वर होत. बायका लुगडी मागत होत्या, मिळत होत्या पाचवारी नायलॉनच्या साड्या. आज्जी ढिगाकडं जायलाच तयार नव्हती. म्हणायची, “मेलेल्याचं हाय का जित्याचं, कुणाला ठावं? मी न्हाई घालायची.” तिच्या अंगावर ती पहाटेची मातीनं भरलेली साडीच कितीतरी दिवस होती.

मला त्या ढिगातून एक मरून रंगाचा ब्लेझर मिळाला. शहरातल्या कुठल्यातरी इंग्रजी शाळेचा, मुलाचा. ऑक्टोबरच्या उन्हात ब्लेझर! पण रात्री शेडचा पत्रा गार पडायचा, म्हणून मायनं घालायला लावला. छातीच्या खिशावर शाळेचा बिल्ला होता, तो काढून टाकलेला. ढालीच्या आकाराचा गडद डाग तेवढा उरला होता. बाकी कापड उन्हानं विटलेलं आणि बिल्ल्याखालचं मूळच्या रंगाचं. शाळा पुन्हा भरली तेव्हा एका मुलीनं तिथं बोट ठेवून विचारलं, हितं काय व्हतं? मला वाटायचं, त्या शाळेला आपलं नाव आमच्यासारख्यांच्या अंगावर नको असणार, म्हणून काढून घेतलं. दहा वर्षांच्या डोक्यानं लावलेला हा अर्थ पंचविशीपर्यंत तसाच राहिला होता. दुसऱ्याचं उतरलेलं अंगावर घालायचं नाही, हे मी त्या डागाकडं बघत ठरवलं होतं.

कोट घेतल्यावर दोन-तीन शुक्रवार मी नुसतीच स्टॉलभोवती घुटमळले आणि मग एका शुक्रवारी टेबलाच्या मागच्या बाजूला गेले. स्टॉलची सूत्रं हिरव्या केसांच्या एका मुलीकडं होती. भूगर्भशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती ती. कुठून आलीस, असं तिनं विचारलं. लातूर म्हटल्यावर परदेशात लोक नुसते हसतात, म्हणून मी ‘मुंबईच्या पूर्वेला’ वगैरे सुरुवात केली. पण तिला लातूर ठाऊक होतं. दख्खनच्या पठारासारख्या स्थिर मानल्या जाणाऱ्या भूभागात इतका मोठा भूकंप कसा झाला, हे तिच्या अभ्यासात होतं. नकाशावरचा ठिपका म्हणून आपलं गाव कुणाला माहीत असावं, याचं मला बरं वाटलं की वाईट, ते सांगता येणार नाही. तिनं पुढं काही विचारलं नाही. टॅग मारायची प्लास्टिकची पिस्तूल हातात दिली आणि सुई शिवणीतच घुसव, कापडात नको, एवढं सांगितलं. त्या पिस्तुलीनं कापडाला भोक पडतं आणि रेशमाला पडलेलं भोक भरत नाही.

खरं काम शुक्रवारी नसायचं. ते बुधवारी संध्याकाळी, हेडिंग्लीच्या दुकानामागच्या खोलीत चालायचं. पिशव्या उलट्या करायच्या. प्रत्येक कपड्याचे खिसे तपासायचे. खिशांतून बसची तिकिटं, रुमाल, लग्नात उधळलेले कागदी कपटे, औषधाच्या चिठ्ठ्या आणि एकदा कुणीतरी पत्नीला लिहिलेली चुरगळलेली यादी निघाली. काखा आणि कॉलर उजेडाकडं धरून बघायच्या. लोकरी कपड्याला कसर लागली असेल तर तो बाजूला, पिशवीत बांधून शीतपेटीत. वाफेच्या इस्त्रीनं खोलीभर ओल्या लोकरीचा वास भरायचा. हा वास मला इचलकरंजीच्या प्रयोगशाळेतून माहीत होता, पण तिथं त्यात माणसाच्या अंगाचा वास मिसळलेला नसे.

मी लोकरीच्या तंतूची लांबी मोजू शकत होते, सुताचा नंबर सांगू शकत होते. लीड्सला हा विषय शिकायला लोक उगाच जात नाहीत. 1874 साली यॉर्कशायर कॉलेज सुरू झालं, त्यातूनच पुढं हे विद्यापीठ झालं, आणि कापडाचा विभाग लंडनच्या क्लॉथवर्कर्स कंपनीच्या पैशावर उभा राहिला. विल्यम ॲस्टबरी यांनी 1930 च्या दशकात इथंच लोकरीच्या तंतूवर क्ष-किरण सोडून त्याची आतली रचना शोधली. हे सगळं आम्हाला वर्गात अभिमानानं सांगायचे. पण एखादा कोपरा झिजलेला कोट हातात आला की तो टाकायचा की दुरुस्त करायचा, हे वर्गात कुणी शिकवलं नाही. ते बाईंनी शिकवलं.

त्यांना मी मनात बाईच म्हणायचे, शाळेतल्या बाईंसारखं. तिथली पोरं त्यांना सरळ नावानं हाक मारायची. माझी जीभ काही वळली नाही. समोर जाऊन उभी राहायचे आणि ‘एक्स्क्यूज मी’नं भागवायचे. त्यांच्या ते लक्षात आलं होतं, असा मला संशय आहे. नाव इथंही लिहीत नाही.

बाई पंधराव्या वर्षी बर्टनमध्ये लागल्या होत्या. माँटेग्यू बर्टन हा लिथुआनियातून एकटा आलेला ज्यू पोरगा, त्यानं लीड्सच्या हडसन रोडवर इतका मोठा शिलाई कारखाना उभारला की एका छपराखाली दहा हजारांवर माणसं काम करायची. सामान्य माणसाला मापानं शिवलेला सूट परवडावा, हा त्याचा धंदा. बाईंनी आयुष्याची कितीतरी वर्षं तिथं फक्त बाह्या लावल्या. डावी बाही. उजवी बाही लावणारी शेजारी बसायची. पूर्ण सूट त्यांनी कधी शिवला नाही, आणि याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. पण कुठलाही कोट आला की पहिली नजर डाव्या खांद्यावर जायची. बाहीचा घेर खांद्यात बसवताना कापड किंचित जास्त असतं, ते वाफेनं आणि बोटांनी आटवून एकही चुणी न येता बसवावं लागतं. “हे कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी लावलंय,” असा निकाल त्या द्यायच्या. म्हणजे लावणारीचं लक्ष घड्याळाकडं होतं.

1970 च्या फेब्रुवारीत लीड्सच्या शिलाई कामगार संपावर गेल्या, ताशी एक शिलिंग वाढ द्या म्हणून. बायकांना पुरुषांपेक्षा कमी वाढ देणारा करार युनियननं त्यांना न विचारता केला होता. बायका रस्त्यावर उतरल्या, एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जाऊन शेजारणींना बाहेर काढलं. बाई त्यात होत्या. ती गोष्ट सांगताना त्यांच्या हातातली सुई थांबायची, एरवी कधी थांबत नसे.

लेबल वाचायला त्यांनी शिकवलं. सेंट मायकल हे नाव मार्क्स अँड स्पेन्सरचं. 1928 साली सायमन मार्क्सनं वडील मायकल यांच्या नावावरून नोंदवलेलं आणि 2000 साली बंद झालेलं. म्हणजे माझा कोट त्याआधीचा. वूलमार्कचा लोकरीच्या लडीसारखा शिक्का दिसला तर कपडा 1964 नंतरचा. आणि दोन ‘सी’ व 41 हा आकडा असं चीजच्या तुकड्यासारखं चिन्ह सापडलं तर खोलीत एकदम आरोळी उठायची. तो युद्धकाळातला सरकारमान्य कपडा. 1941 च्या जूनपासून 1949 च्या मार्चपर्यंत ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग होतं, कूपन देऊन कपडा घ्यायचा. मधे काही काळ पुरुषांच्या पँटच्या पायाला खाली दुमड घालायलाही बंदी होती, तेवढंच कापड वाचावं म्हणून. बाई तेव्हा लहान होत्या. आईचा कोट उलटा करून, म्हणजे आतली बाजू बाहेर घेऊन, त्यांना शिवून दिला होता. ज्या देशानं आमच्या विणकरांचं कंबरडं मोडलं तिथली एक पोर आईचा उलटा कोट घालून शाळेत जात होती, हे चित्र माझ्या इतिहासाच्या पुस्तकात नव्हतं. दोन्ही खरं आहे.

खोलीत काही नियम होते, भिंतीवर न लिहिलेले. एक, पिशवी देणाऱ्याच्या देखत उघडायची नाही. हा नियम मला एका म्हाताऱ्या गृहस्थांमुळं कळला. ते बायकोचे फ्रॉक घेऊन आले होते, सगळे इस्त्री केलेले, हँगरसकट. पहिल्यांदाच कुणी पिशवीत न कोंबता आणले होते. मी वरचा फ्रॉक उचलून लेबल पाहायला गेले, तर बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. दोन्ही हातांवर ते सगळे फ्रॉक घेतले, “फार सुंदर आहेत,” म्हणाल्या आणि आत नेऊन ठेवले. गृहस्थ बराच वेळ दुकानात पुस्तकं चाळत राहिले. ते गेल्यावरच आम्ही फ्रॉकना हात लावला.

दुसरा नियम होता, घेणाऱ्याची चौकशी करायची नाही. लीड्समध्ये ऑटली रन नावाचा प्रकार आहे. पोरं चित्रविचित्र वेश करून हेडिंग्लीच्या बाजूनं एकेक पब घेत शहराकडं येतात. त्यासाठी कपडे घ्यायला झुंबड उडायची. एकदा एका पोरानं कुणाचा तरी बर्टनचा सूट, बहुधा लग्नातला, खिदळत अंगावर चढवला. आज रात्री यावर बिअर सांडणार, हे दिसत होतं. मला संताप आला. बाईंनी सूटची डावी बाही नीट केली, पोराच्या खांद्यावरून हात फिरवला आणि पैसे घेतले. तो गेल्यावर म्हणाल्या, “घालू दे, लव्ह. कपाटात त्याला कोण विचारत होतं?” मला ते आजही पूर्ण पटलेलं नाही.

याच खोलीत मला माझ्या लहानपणीच्या ढिगाचा उलगडा झाला, आणि तोही एका अगदी रुक्ष वाक्यातून. 2008 च्या मे महिन्यात म्यानमारला नर्गिस चक्रीवादळानं झोडपलं. दुसऱ्याच आठवड्यात चीनमध्ये सिच्वानचा भूकंप झाला. विद्यापीठातली पोरं हेलावली आणि पिशव्या भरभरून कपडे स्टॉलवर आणू लागली, “तिकडे पाठवा” म्हणून. हिरव्या केसांची मुलगी सगळ्यांना तेच सांगायची: आम्ही कपडे पाठवत नाही. इथं विकतो, पैसे पाठवतो. जे लागेल ते तिथंच जवळ विकत घेतात.

मी हातातली पिस्तूल खाली ठेवली. इतकं साधं! कपडे पाठवायचे तर जहाज, ट्रक, गोदाम, निवडणारे हात, सगळं लागतं. शिवाय लीड्सचा कोट म्यानमारमधल्या इरावतीच्या मुखाशी कुणाच्या कामाचा? सुरुवातीला ऑक्सफॅमही कपड्यांची गाठोडी पाठवायचं. 1942 साली ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये काही माणसं जमली ती जर्मनांच्या ताब्यातल्या, भुकेनं मरणाऱ्या ग्रीसला मदत कशी पोचवायची या विचारानं. युद्ध संपल्यावर त्यांनी युरोपात कपडे धाडले. ब्रॉड स्ट्रीटवर दुकान निघालं, 1949 साली जो मिटी नावाच्या माणसाला पगारावर ठेवलं, आणि दान आलेलं काहीही विकता येतं हे त्यानं दाखवून दिलं. त्यानं एक जिवंत गाढवसुद्धा विकलं, असं सांगतात. आमच्या स्टॉलचं मूळ त्या गाढवापाशी आहे.

आणि जे विकलं जाणार नाही त्याचं काय? ते हडर्सफील्डला जायचं. तिथं 1974 पासून ऑक्सफॅमचं ‘वेस्टसेव्हर’ नावाचं केंद्र होतं, पुढं ते बॅटलीला गेलं. बॅटली म्हणजे शॉडीचं माहेर. 1813 साली बेंजामिन लॉ नावाच्या माणसानं तिथं लोकरी चिंध्या पिंजून, त्यांत थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढलं. जगभरच्या चिंध्या त्या खोऱ्यात येऊ लागल्या. पुढं त्याच गिरण्यांत काम करायला भरूच-सुरतेकडचे गुजराती मुसलमान आले. त्यांच्या नातवंडांपैकी काही माझ्या वर्गात होती. मग गिरण्या बंद पडल्या आणि तो धंदा गेला पानिपतला. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की 1761 आठवतं, पण जगभरच्या जुन्या स्वेटरांची अखेरची लढाई आता तिथं होते. आपल्याकडं वापरलेले कपडे सहजासहजी आयात करू देत नाहीत. बंदरात येण्याआधी त्यांना कात्री लागलेली असावी लागते. त्या चिंध्यांचं पानिपतला सूत होतं आणि सुताच्या राखाडी घोंगड्या होतात. भूकंपानंतर आम्हाला वाटलेली घोंगडी तशीच होती, टोचणारी, जाड दोऱ्याची. शिकल्यावर मला कळलं की ती शॉडी. मी त्या घोंगडीत झोपले ते कुणाच्या स्वेटरांत, देव जाणे.

त्या संध्याकाळी मी बाईंना ब्लेझरची गोष्ट सांगितली. आधी कुणालाच सांगितली नव्हती. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. हळहळल्या नाहीत. विचारलं, “बिल्ल्याच्या जागी कापड कापलेलं होतं का?”

नव्हतं. नुसता डाग होता.

“कडेनं भोकं? फाटलेलं? दोऱ्याचे तुकडे?”

आठवून पाहिलं. डागाच्या कडेनं बारीक टिंबांची ओळ होती, टाक्यांची. दोरा एकही नव्हता.

“मग तो ओढून काढलेला नाही,” बाई म्हणाल्या. “यंत्रानं शिवलेला बिल्ला ओढला तर खिसा फाटतो. कात्रीनं घाईत काढला तर कापडाला चीर पडते, दोऱ्याची टोकं राहतात. कुणीतरी बसून एकेक टाका उसवलाय. तासभर तरी लागतो त्याला, लव्ह.”

का उसवला असेल, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. शाळेच्या नावासाठी असेल, किंवा ज्या पोराच्या अंगावर हा जाईल त्याला दुसऱ्याच्या शाळेची पाटी मिरवावी लागू नये म्हणून असेल. मुंबई-पुण्याकडची कुणी आई, कुणी मोलकरीण, कुणी शाळेतली शिपाईबाई. दिव्याखाली बसून, पिन घेऊन. ट्रकवरून भिरकावणारे हात मी पाहिले होते. त्यांच्याआधी आणखी हात होते, हे मला कपड्यावरून वाचता आलं नव्हतं. तंतू ओळखणारी मी, टाके ओळखायला बर्टनमध्ये डाव्या बाह्या लावलेली बाई लागली.

सुट्टीत घरी गेले तेव्हा ब्लेझरची चौकशी केली. माय म्हणाली, तो कधीच वाकळंत गेला. आज्जी जुन्याला शिवायला तयार नव्हती, पण वाकळ शिवताना तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. फाडून चौकोन केले, धावदोऱ्यानं शिवले, की ते आपलं. वाकळ लीड्सला नेली असती, तर बाईंना धावदोरा दाखवता आला असता. सामानाचं वजन बसेना.

शिक्षण संपवून मी परत आले. दर नाताळला बाईंचं कार्ड यायचं, तिरप्या अक्षरात दोन ओळी, त्यांतली एक हवामानाबद्दल. एका वर्षी आलं नाही. पुढं कामानिमित्त लीड्सला जाणं झालं तेव्हा विद्यापीठाच्या आवारात मार्क्स अँड स्पेन्सरचं संग्रहालय उभं होतं, मायकल मार्क्सच्या नावाची इमारत, 2012 साली उघडलेली. सेंट मायकलची लेबलं तिथं काचेआड मांडलेली. एका लेबलाशी मी बराच वेळ उभी राहिले, मग कॉफी प्यायले. शुक्रवार असून विद्यार्थी संघटनेच्या इमारतीत स्टॉल नव्हता. तिथं कुणीतरी रोपं विकत होतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णा फुगल्या. शिरोळ तालुक्यात गावंच्या गावं पाण्यात गेली, इचलकरंजीतही नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. मी तोवर इचलकरंजीतल्याच एका कापड प्रोसेसिंगच्या गिरणीत नोकरीला लागले होते. पाणी ओसरायच्या आत कपड्यांचे टेम्पो यायला सुरुवात झाली, आणि पहिला ढीग रस्त्याच्या कडेला पडलेला पाहिला तसं माझ्या अंगात काहीतरी चढलं. एका शाळेचा हॉल मागून घेतला. ओळखीच्या चार बायका, कॉलेजची पोरं, गिरणीतले दोन मदतनीस. टेबलं लावली. खिसे तपासा, काखा बघा, साडीला फॉल आहे का, ब्लाउज आहे का, परकराला नाडी आहे का. नसलेलं बाजूला. वाटताना घडी घालून, हातात द्यायचं, फेकायचं नाही. पोरांना आधी गंमत वाटली. लोक उपाशी आहेत आणि मॅडम नाड्या बघताहेत!

पैसेच पाठवा, असं लोकांना सांगून पाहिलं. पण पैशाला लोक शंभर प्रश्न विचारतात, जुनी पँट मात्र डोळे झाकून देतात. तेव्हा पँट कशी द्यायची, एवढंच हातात होतं.

तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ गाडीतून पोतं घेऊन आले. पोतं ठेवून ते निघतील म्हणून मी थांबले, बाईंचा नियम. पण ते थांबले फोटोसाठी, आणि पोतं त्यांनी स्वतःच फोटोपुढं ओतलं. बनियनं, डागाळलेले शर्ट, इलॅस्टिक गेलेले पायजमे. मी म्हटलं, हे कुणाला देता येणार नाही, तुम्ही परत न्या. गृहस्थ चवताळले. “दानाला नावं ठेवता? घालायला अंगावर कपडा नाही त्यांच्या, आणि तुमचे नखरे!” मी सांगितलं की मी घातलाय असा कपडा, तेव्हा मला माहीत आहे काय चालतं. ते पोतं गाडीत टाकून, दार आपटून गेले. पोरं माझ्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी. या वेळी त्यांच्या सोबत त्यांच्या मंडळी होत्या, हातात धुतलेल्या, इस्त्री केलेल्या साड्यांची चवड. गृहस्थ गाडीतून उतरले नाहीत. वहिनी मात्र आत आल्या, टेबलाशी उभ्या राहून इकडंतिकडं पाहिलं, बाजूला टाकलेल्या ब्लाउजांच्या ढिगाकडं बोट करून म्हणाल्या, “हे का काढलंय?” हुक तुटलेत म्हणून. त्यांनी खुर्ची ओढली, पिशवीतून सुईदोरा काढला आणि गाडी परत पाठवून दिली. संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या. दुपारी हुक संपले, तर मलाच बाजारात पिटाळलं, आणि आणलेले हुक हलक्या प्रतीचे आहेत म्हणून परत एकदा पाठवलं.